कंदांची गुणपत्रिका

आमचे हेडमास्तर रताळ्याला पहिल्या वर्गात पास करत, सुरणाला समज देऊन वरच्या वर्गात ढकलत, आणि साबुदाण्याचं नाव निघालं की म्हणत, "अक्षर मोत्यावानी, डोस्क्यात काईच नाई."

हे ते चेष्टेत म्हणत असते तर माझी ती दोन वर्षं सुखात गेली असती. पण ते हात पाठीमागे बांधून, चष्मा कपाळावर चढवून, निकाल जाहीर केल्यासारखं म्हणत. आणि निकालाआधी परीक्षा असते. ती परीक्षा माझ्या पोटात व्हायची.

पन्नास सालानंतरची गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती. धानोऱ्याच्या पुढे बैलगाडीची वाट जिथे हात टेकते, तिथेच आमची शाळा. दोन खोल्या, एक पडवी, मागे वसतिगृह म्हणून बांधलेली कुडाची लांबलचक झोपडी, तिच्यात दूरदूरच्या जंगलगावांतली एकतीस पोरं, आणि सगळ्यांचा स्वयंपाक करणारी त्याच गावची मैनाबाई. शिकवणारे दोघे. हेडमास्तर आणि मी. मी बावीस वर्षांचा, आरमोरीकडचा, भातावर वाढलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तर, पचन कसं हाय तुमचं?"

मला वाटलं, काळजीनं विचारतायत. मी म्हणालो, "एकदम फस्क्लास जी."

चूक झाली.

त्यांच्याजवळ एक पुस्तिका होती. मुखपृष्ठ कधीच गळून पडलेलं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. कुठल्या अन्नात किती ताकद असते याचे तक्ते तिच्यात होते. तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा, रताळं. कंदांचं पान अर्ध्यावरच संपत होतं, खाली नुसत्या रेघा. हेडमास्तर त्या रिकाम्या रेघांवर बोट फिरवत आणि खरोखर दुखावल्यासारखे म्हणत, "मटारू नाई, कोचई नाई, कडू कांदा नाई. लिहिणाऱ्यानं हे जंगल पाह्यलंच नाई, मास्तर. आता हे भरावं कोणी?"

भरायचं आम्ही, हे सांगायला नकोच.

पद्धत अशी. आठ दिवस एकच कंद खायचा. दुसरं काही नाही, मीठ तेवढं चालेल. जेवून झालं की शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या, दम लागेल तिथे थांबायचं. शेवटी वजन. वजनाला गावच्या ठेकेदाराचा हिरडा तोलायचा काटा होता. एका पारड्यात मी उकिडवा बसायचो, दुसऱ्यात दगडी मापं. ठेकेदाराचा माणूस विचारायचा, "गुर्जी, ह्याले कोनत्या भावानं घेऊ?"

आणि मधल्या वेळात भुकेची चौकशी. मी नवाचा पाढा घेत असायचो. खिडकीतून चष्मा आत यायचा.

"मास्तर, लागली?"

"नाई जी. नऊ चोक छत्तीस."

"लागली!" सगळा वर्ग ओरडायचा. पोरांची भूक कुणी विचारलेली नसायची, पण उत्तर त्यांचंच पक्कं असायचं.

कोचईच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या, आठवड्यात घसा असा खाजला की दोन दिवस मला बोलता येईना. हेडमास्तरांनी वहीत लिहिलं, "कोचई: बुद्धी बरी, वर्तणूक वाईट." पुढे मैनाबाईनं चिंच घालून शिजवली तेव्हा "सुधारणा आहे" असा शेरा मिळाला. मटारू, तो वेलीखाली हातभर खोल वाढणारा कंद, त्यांचा सर्वात लाडका. खोदायला अर्धा दिवस लागायचा, पण तो खाऊन मी मैदानाला अकरा फेऱ्या मारल्या. त्या संध्याकाळी हेडमास्तर इतके खूश की त्यांनी मला हात जोडले. नंतर लक्षात आलं, हात मटारूला जोडले होते, मी मध्ये उभा होतो.

हा माणूस तसा भित्रा. सरड्याला भ्यायचा, ढगांच्या गडगडाटाला भ्यायचा, वरून आलेल्या लिफाफ्याला तर फारच भ्यायचा. पण अनोळखी कंदाचा तुकडा जिभेवर ठेवताना त्याची पापणी लवत नसे. आणि त्याचा एक नियम होता, तो मी दोन वर्षांत एकदाही मोडलेला पाहिला नाही. कुठलाही कंद पोरांच्या पानात पडण्याआधी हेडमास्तर स्वतः खाणार. मग शाळेचे दोन तास जाऊ देणार. काही झालं नाही, तरच जेवणाची घंटा. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तिला त्यांच्या हुकमाशिवाय हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी हस्ताचं पाणी आलंच नाही. धान पोटरीतच वाळलं. वसतिगृहाच्या कोठीत पाच पोती तांदूळ होता, आणि अशा वेळी आमच्या हेडमास्तरांना स्फुरण चढलं. त्यांनी वरच्या कार्यालयाला पाच पानी पत्र लिहिलं. सगळी गुणपत्रिका त्यात उतरवली. शेवटी एक वाक्य लिहिलं: 'ही मुले तांदळाशिवायही उत्तम राहू शकतील, असा माझा विश्वास आहे.'

मी म्हणालो, "गुरुजी, हे एक वाक्य काढा जी."

"काऊन?"

"वरची माणसं एकच वाक्य वाचतात."

"मंग हेच वाचू दे न. चांगलं हाय."

वरच्यांनी तेच वाचलं. महिन्यानं उत्तर आलं. प्रयोगाचं कौतुक केलं होतं. आणि ज्या शाळांपाशी अशी सोय नाही त्यांची निकड लक्षात घेऊन आमच्या वाट्याचा तांदूळ तिकडे वळवला होता. हेडमास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला, कौतुक वर होतं. दुसऱ्यांदा ओठ हलले. तिसऱ्यांदा वाचून त्यांनी घडी केली आणि कोठीच्या दाराकडे पाहिलं. आत दोन पोती उरली होती.

"आता लिहा की चुकलं म्हणून," मी म्हणालो.

"चुकलं नाई, मास्तर. निकाल लागला की फिरवत नसतात."

पोरांना घरी पाठवायचं तर घरीही दाणा नव्हता. आणि एकदा गेलेलं पोर दोन दिवसांची जंगलवाट तुडवून पाटी घेऊन परत येत नाही, हे आम्ही दोघेही जाणून होतो. वसतिगृह मोडलं की शाळा मोडली.

मग दर सोमवारी पोरं त्या हिरड्याच्या काट्यावर बसू लागली. हेडमास्तर आकडे लिहायचे. पौषात रताळी संपली, कोचई संपली, गावाभोवतीचे मटारू खोदून झाले. सोमवारमागून सोमवार एकेका पोराचं वजन उतरत गेलं आणि माझ्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. हेडमास्तरांचं अक्षर टपोरं, दुरून वाचता येणारं. वहीतले आकडे मात्र दर आठवड्याला बारीक होत चालले होते. माघात तर मुंग्या गेल्यासारखे दिसू लागले. पहिलीतलं एक पोरगं पारड्यात बसलं की काटा हलल्यासारखाही वाटायचा नाही. ते विचारायचं, "गुर्जी, मी बसलो का?" आणि हेडमास्तर म्हणायचे, "बसला रे, बसला. उतर." मला रात्री झोप लागेनाशी झाली. फेऱ्या मारायचं आम्ही दोघांनीही न बोलता सोडून दिलं होतं.

उरला होता कडू कांदा, नावाचाच कांदा, खरा रानवेलीचा कंद. तो जंगलात हवा तेवढा होता, कारण तो विषारी. तो गोड कसा करायचा हे मैनाबाईला ठाऊक होतं. कागदासारखे पातळ काप, त्यांना राख चोळायची, उकळायचं, आणि मग बांबूच्या टोपलीत भरून टोपली नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडांमध्ये अडकवून ठेवायची. पाणी त्यातून वाहत राहिलं पाहिजे. हेडमास्तर काठावर उभे राहून त्या पाण्याकडे असे पाहत, जसं कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत पोती सांडतंय.

"बाई, सगळं सत्त्व वाहून चाललं न!"

"सत्त्व नाई गुर्जी, जहर चाललं वाहून. जाऊ द्या न त्याले."

"भाताची पेज आपण फेकतो का? पोरांले पाजतो."

"भात कधी चावला का तुमाले?"

"मंग किती रात्री ठेवायचं, ते तरी नक्की सांगा."

"ते कांदा सांगते."

"कांदा बोलते?"

"जिभेले सांगते." मैनाबाई एक काप काढून जिभेच्या टोकावर ठेवायची, चावायची, थुंकायची, आणि पुढची पाटीभर भांडी घासून होईपर्यंत वाट पाहायची. मग टोपली कधी वर यायची, कधी परत पाण्यात जायची. हेडमास्तरांनी वहीत नोंदी ठेवल्या होत्या. कधी दोन रात्री, कधी तीन, एकदा चार. हे उत्तर त्यांच्या वहीत बसेना. त्यांनी त्याखाली लिहून टाकलं, "दोन पुरेत. बाकी बाईंची भीती."

माघाच्या शेवटी निरोप आला की शनिवारी चांद्याहून साहेब येणार, पोरं पाहणार आणि वसतिगृहाचं काय करायचं ते ठरवणार. मी पुन्हा म्हणालो, "गुरुजी, साहेबांना वजनाची वही दाखवा." ते म्हणाले, "साहेबांले कडू कांदा दाखवू. एवढा मोठा कंद पास होऊन राह्यला, मास्तर, आन तुमी रडून राह्यले."

मंगळवारी मैनाबाई टोपल्या नाल्यात लावून भावाच्या गावी निघाली. त्याच्या घरी कुणी दगावलं होतं. जाताना दारात थांबून म्हणाली, "गुर्जी, पानी आता मुंगीवानी चालून राह्यलं. शुक्रवारी येतो मी. माह्याशिवाय टोपलीले हात लावू नोका."

साहेब गुरुवारीच आले.

बैलांच्या हलक्या दमणीतून उतरले, घाम पुसला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला दुपारच्या आत पुढे निघायचंय. पोरांना रोज जेवतात तसं बसवा. मी पाहतो." कोठीत शेरभर तांदूळ होता, तो साहेबांसाठी चुलीवर चढला. पोरांसाठी काहीच नव्हतं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते नाल्याकडे गेले आणि टोपल्या घेऊन आले. दोन रात्री झाल्या होत्या.

"गुरुजी, बाई म्हणाल्या होत्या..."

"दोन रात्री म्हंजे दोन रात्री. आन पाहा, अजून सत्त्व हाय त्याच्यात!"

पण नियम नियम. शिजल्याबरोबर त्यांनी माझ्यासमोर वाडगाभर खाल्लं. मग साहेबांना शाळा दाखवायला घेऊन गेले. पाढे झाले, कविता झाली, नकाशा झाला. एक तास संपला. मी दर दोन मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तोंडावर काही दिसेना. मी स्वतःला बजावत होतो की काही होत नाही, बाईंची भीती. साहेब घड्याळ पाहू लागले. पोरं पडवीत ओळीनं बसली, मोहाच्या पानांच्या पत्रावळ्या समोर, त्यांवर पांढरे वाफाळते काप. तीन दिवस पोरांनी पोटभर खाल्लं नव्हतं. त्यांच्या नाकपुड्या हललेल्या मला दिसत होत्या.

"अजून एक तास व्हायचा हाय जी," हेडमास्तर म्हणाले.

"कसला तास?" साहेबांनी हसून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, वाजवा घंटा. पोरं भुकेली आहेत."

मी आंब्यापाशी गेलो. लोखंडी दांडा हातात घेतला. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मला ती घंटा वाजवायची होती. सगळं सुरळीत पार पडावं, साहेब जावेत, पोरांच्या पोटात काहीतरी पडावं, एवढंच मला हवं होतं. मी दांडा उचलला.

आणि माझं मनगट कुणीतरी धरलं. तो हात बर्फासारखा गार आणि ओला होता.

"नोका वाजवू."

हेडमास्तरांचा चेहरा चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला होता. ओठांवर घाम, डोळे कुठेतरी दुसरीकडेच. ते पडवीकडे वळले, खांब धरला, आणि वर्गात काढायचे तसा आवाज काढला.

"हात वर!"

हातांच्या एकतीस जोड्या वर गेल्या. मग हेडमास्तर आंब्यामागे गेले. त्यानंतरचे आवाज मी सांगत नाही. साहेब उठून उभे राहिले होते. पोरांचे हात वरच होते. कुणाचेही हात खाली आले नाहीत, फक्त पहिलीतल्या त्या पोराची नजर पत्रावळीवरून हलत नव्हती, कारण त्याला भूक सगळ्यांत जास्त होती.

मी धावत जाऊन एकेकाला विचारलं. "खाल्लं का रे? तू? तू चाटलं?" कुणीही खाल्लं नव्हतं. मी पत्रावळ्या इतक्या घाईनं उचलल्या की दोन माझ्याच धोतरावर सांडल्या.

हेडमास्तर परत आले, पायरीवर बसले. आंबा धरून, पायरी धरून, साहेबांचा बूटसुद्धा धरला असता.

"मास्तर, वजनाची वही आना."

साहेबांनी वही उघडली, डोळ्यांजवळ नेली, चष्मा काढून पुन्हा लावला. "इतके बारीक आकडे का काढलेत?"

"लाज वाटे जी," हेडमास्तर म्हणाले.

साहेबांनी पान उलटलं.

"साहेब, पत्रातलं ते शेवटचं वाक्य माह्यं हाय. ते काढा. कंद चांगले हायेत. मटारू तर भल्ला चांगला. पन कंदानं पोट भरते, साहेब, पोरगं भरत नाई. भात पायजे, डाळ पायजे. शाळा बंद करान तं माह्या चुकीपायी पोरं जातीन. मले काढा. पोरांले राहू द्या."

वरच्या लिफाफ्याला भिणारा माणूस हे सगळं एका दमात बोलला आणि पुन्हा आंब्यामागे गेला.

साहेब वाईट नव्हते. चुलीवरचा त्यांचा भात त्यांनी पोरांना वाढायला लावला. एकतीस पोरांना दोन-दोन घास आले. स्वतः उपाशी पोटी दमणीत बसले. वही मात्र बगलेत धरून घेऊन गेले, आणि तिचं काय होणार हे आम्हांला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी मैनाबाई आली. पातेल्यातला एक काप जिभेवर ठेवला, थुंकली, आणि सरळ हेडमास्तरांच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली.

"कांद्यानं सांगतलं असतं. तुमी इचारलंच नाई."

"बाई, नक्की किती रात्री?"

"झोपा मुकाट्यानं."

दोन दिवस तिनं त्यांना चिंचेचं पाणी आणि ताक पाजलं. दुसऱ्या दिवशी ते क्षीण आवाजात मला म्हणाले, "मास्तर, मले काट्यावर न्या. आता वजन घेतलं तं नोंद होईन." मी नेलं नाही. दोन वर्षांत मी त्यांचा हुकूम मोडलेला तो एकच. उठल्यावर त्यांनी वजनांसाठी नवी वही घातली आणि गुणपत्रिकेत कडू कांद्यापुढे लिहिलं: "कंद पास. हेडमास्तर नापास. परीक्षक मैनाबाई." त्याखाली मैनाबाईचा अंगठा घेतला. ती म्हणाली, "ह्याच्यानं तांदूळ येते का?" ते म्हणाले, "नाई." ती म्हणाली, "मंग कायले घेता?" पण अंगठा दिला.

पुढचे तीन आठवडे मला अजून स्वप्नात येतात. टोपली कधी काढायची हे मैनाबाई ठरवायची आणि हेडमास्तर तिच्या शेजारी नाल्यावर उकिडवे बसून जिभेवर काप ठेवून गप्प वाट पाहायचे. सोमवारची वजनं चालूच होती. पोरं अजूनही उतरत होती. पण आकडे आता एवढे मोठे निघत की एका पानावर चारच पोरं मावायची. रोज सकाळी आम्ही दोघे वाटेच्या वळणापर्यंत जाऊन यायचो. कुणाची गाडी दिसली की हेडमास्तर माझा हात धरायचे. लिफाफा आला असता तर तो उघडायची हिंमत दोघांतही नव्हती.

लिफाफा आलाच नाही. फाल्गुनात एका दुपारी बैलांच्या घंटा वाजल्या आणि दोन गाड्या आल्या. तांदूळ, आणि त्यावर तुरीच्या डाळीची पोती.

त्या संध्याकाळी मैनाबाईनं भात शिजवला. वाफेनं पडवी भरून गेली. पोरं पत्रावळ्यांपुढे बसली. हेडमास्तर पुढे आले, वाटीत थोडा भात घेतला, सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ला, वाटी खाली ठेवली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तिथेच टेकून बसले.

मीही त्या घड्याळाकडे पाहिलं. मग मला कळलं.

"गुरुजी, भातालासुद्धा?"

"नियम म्हंजे नियम, मास्तर." त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगितलं.

पोरांनी आपणहून हात वर केले. कुणी सांगितलं नव्हतं.

मैनाबाईनं चुलीपासून हे सगळं पाहिलं. उठली, पदराला हात पुसले, चालत आंब्यापाशी गेली. त्या घंटेला हेडमास्तरांच्या हुकमाशिवाय आजवर कुणी हात लावला नव्हता. तिनं दांडा उचलला.

"गुर्जी," ती म्हणाली, "हा भात हाय."

आणि तिनं घंटा वाजवली. एकदा नाही, चांगली दहा-बारा वेळा, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी. एकसष्ट की बासष्ट हात एकदम खाली आले, मोजायला वेळ मिळाला नाही.  हेडमास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग पोरांच्या ओळीच्या शेवटी, पहिलीतल्या त्या पोराशेजारी, मांडी घालून बसले आणि पत्रावळीसाठी हात पुढे केला.